कारण : वाढतं वय

मी भिंगरी बोलतेय. चौदा वर्षांची, तांबड्या रंगाची, डाव्या कानाचं टोक उडालेली कुत्री. पहिल्यांदा तक्रार ऐकून घ्या, मग बाकीचं. माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. वर्षभर मी सांगत होते. पाणी सांडून सांगितलं, ताटली उलटी करून सांगितलं, भिंतीला गाल लावून सांगितलं, शेवटी चावून सांगितलं. आणि ह्या माणसांनी काय केलं? एकमेकांकडे बघून माना हलवल्या आणि म्हणाले, "वय झालं हो तिचं."

वय झालं! जसं काही वय म्हणजे माझ्या पाठीवर बसलेली गोचीड. अहो, वय माझं आहे. एकेक दिवस जगून मी ते मिळवलंय, कुणी फुकट दिलेलं नाही. त्याला नावं ठेवायचं काम नाही.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या गोदामामागे, खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यात झाला. आम्ही पाच भावंडं. दूध चौघांपुरतं होतं आणि पाचवी मी. त्यामुळे भांडायला मी डोळे उघडायच्या आधीच शिकले. त्या गोदामात कोऱ्या चाव्या घ्यायला एक माणूस यायचा. त्यानं मला मानेला धरून उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. घरी पोचेपर्यंत मी त्याच्या पन्नास कोऱ्या चाव्यांवर मुतले होते. तो हसला. त्याच दिवशी मी ठरवलं, हा माझा.

तो चावीवाला. सगळी गल्ली त्याला ह्याच नावानं ओळखते. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, तीन पायऱ्या चढून मागे स्वयंपाकघर आणि राहायच्या दोन खोल्या. घरात मालकीण, म्हणजे त्याची बायको, आणि त्याची थोरली बहीण. थोरल्या बहिणीला सगळे आत्या म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. तीस वर्षं दवाखान्यात आया होती. मोठमोठ्या डॉक्टरांना पाय पुसून आत यायला लावलेली बाई. चावीवाल्यालाही ती सोडत नाही. एरवी 'अरे' म्हणून हाक मारते, पण तो कशात सापडला की लहानपणचं नाव काढते : "गुंड्या!" पन्नाशीतला माणूस तेवढ्यानं पोरासारखा मान खाली घालतो.

मी शेपटीमागे गरगरा फिरायची म्हणून मालकिणीनं माझं नाव भिंगरी ठेवलं. आणि चावीवाल्यानं मला कामाला लावलं. तो मशीनवर बसायचा, मी खाली. "कानस" म्हटलं की कानस, "चिमटा" म्हटलं की चिमटा, "तेल" म्हटलं की तेलाची डबी. अकरा वस्तू मला नावानिशी ठाऊक होत्या. पितळेचा कीस माझ्या पाठीवर पडायचा आणि मी उन्हात चमकायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, "चावीवाले, दुकान हिच्या नावावर करून टाका."

"कधीच केलंय," तो म्हणाला. "मी हिच्याकडे कामाला आहे."

हे मुद्दाम सांगतेय. माणूस वाईट नाही, हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच समजाल.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा मोजणीबाई आमच्याकडे यायला लागली. खरं नाव काय असेल ते असो, आत्यानं हेच ठेवलं. ती म्हाताऱ्या कुत्र्यांचा अभ्यास करायची. कुत्री म्हातारपणी धडधाकट कशी राहतील, चार वर्षं जास्त कशी जगतील, आणि ती चार वर्षं अंथरुणावर नाही तर पायांवर कशी काढतील, हे तिला शोधायचं होतं. तिच्या वहीत अशी चारशे घरं होती. आमचं घर दोनशे सतरावं.

दर सहा महिन्यांनी ती पिशवी घेऊन यायची. माझं वजन करायची, छाती मोजायची, मांडीला फीत लावायची, तीन पायऱ्या चढायला मला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायची. रक्त घ्यायची. मग वही काढून साठ प्रश्न विचारायची. झोपेत पाय हलवते का? हाक मारल्यावर वळते का? ओळखीच्या दारात अडखळते का? आत्या म्हणायची, "लग्नाच्या वेळी मला बघायला आले होते, त्यांनी सुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

पण बाई हुशार होती, ते मी नाकारत नाही. मालकीण मला ताटलीभर घालायची, तर हिनं बरगड्यांवर हात ठेवायला शिकवलं. "बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं की कमरेला खाच दिसली पाहिजे. सडपातळ कुत्रं जास्त जगतं. माया करायची तर फिरायला न्या, ताटली भरू नका." माझं जेवण कमी झालं. पहिला महिना मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या महिन्यात मी पायऱ्या एका उडीत चढले आणि शिव्या परत घेतल्या. फिरताना मला ओढू नका, पोटभर वास घेऊ द्या, त्यानं डोकं ताजं राहतं, हेही तिनंच सांगितलं. तेव्हापासून गल्लीतला एकेक खांब मी वर्तमानपत्रासारखा वाचते.

एकदा ती म्हणाली, "वय हा आजार नाही. आजार वयामागे लपतो. आपण त्याला ओढून बाहेर काढायचा." मला तिचं तोंड चाटावंसं वाटलं. चाटलंही. पुढे ती आपलंच बोलणं विसरली, ते येतंच.

त्या अभ्यासात एक भाग दातांचा होता. अर्ध्या घरांना ब्रश दिले, अर्ध्यांना नाही. काही वर्षांनी दोन्हीकडची कुत्री पडताळून बघायची. हिरड्यांचा घाण पू रक्तात जातो, तिथून आणखी कुठे कुठे जातो, असं तिचं म्हणणं होतं आणि ते तिला मोजून बघायचं होतं. आम्ही ब्रशवाले. निळा ब्रश, बारीक डोक्याचा, दांड्यावर आमचा आकडा, दोनशे सतरा. भिंतीवर लावायला महिन्याचा कागद. रोज दात घासायचे आणि त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची.

पहिला आठवडा दात घासले गेले. मला काही ते आवडलं नाही, पण संपलं की माझा गाल थोपटला जायचा, तो आवडायचा. आठव्या दिवशी ब्रश आला नाही. नवव्या दिवशीही नाही. कागदावर मात्र महिनाअखेर खुणा आल्या, एकाच पेनानं, एका ओळीत, रांगेत उभ्या केलेल्या मुंग्यांसारख्या. ब्रश कुठे गेला, ते मला माहीत होतं. खालून सगळं दिसतं. माणसांना वाटतं, कुत्र्याला काय कळतंय.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. माझ्या दातांवर दगड चढला. हिरडी मागे सरली. तेरावं संपत आलं तेव्हा वरच्या जबड्यात, उजवीकडच्या मोठ्या दाढेत, एक दिवस वीज चमकल्यासारखं झालं. तिथून माझ्या वर्षाला सुरुवात झाली.

तोंडाला वास यायला लागला. मालकीण म्हणाली, "म्हातारपणाचा वास येतोय हिला." मी घास टाकायला लागले. चावीवाला म्हणाला, "भूक मंदावली. वय." भिंत गार लागायची म्हणून मी दुखरा गाल भिंतीला टेकून उभी राहायचे. मोजणीबाईचा एक्केचाळिसावा प्रश्न होता, 'भिंतीकडे तोंड करून उभी राहते का?' मालकीण म्हणाली, "हो हो, तासतासभर." मोजणीबाईनं हळहळून खूण केली. एकाही माणसाला वाटलं नाही, जाऊन ती भिंत गार आहे का बघावं.

आणि मग ते ग्लास.

मोजणीबाई तीन ग्लास पालथे घालायची. एकाखाली माझ्यादेखत बिस्किट ठेवायची. मालकीण मला धरून ठेवायची, थोड्या वेळानं सोडायची. कुठल्या ग्लासाकडे जाते ते बघायचं. पाच वेळा. ह्यात मी कधी हरले नव्हते, दर वेळी पाचपैकी पाच. पण ते बिस्किट म्हणजे दगड. हाडाच्या आकाराचं, कडकड वाजणारं. दाढ दुखायला लागल्यावरच्या पहिल्या परीक्षेत मी बरोबर ग्लास पाडला, बिस्किट चावलं आणि केकाटले. पुढच्या चार वेळा मी सरळ रिकाम्या ग्लासाकडे गेले. रिकाम्या ग्लासाखाली दुखणं नव्हतं.

ह्याला विसरणं म्हणतात? ह्याला अक्कल म्हणतात!

मालकीण बिचारी म्हणाली, "ताई, एखादा मऊ तुकडा ठेवून बघायचा का?"

"नाही हो," मोजणीबाई म्हणाली. "तीन वर्षं सगळ्या कुत्र्यांना हेच बिस्किट. आता बदललं तर मागचे आकडे आणि आजचे आकडे जुळणार कसे?"

म्हणजे आकडे जुळावेत म्हणून कुत्री वेडी ठरली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच झालं, ह्या वेळी पाचपैकी शून्य. तिनं वहीत लिहिलं : स्मरणशक्ती गेलेली. शेजारी एक रकाना होता, 'कारण'. त्यात तिनं लिहिलं : वाढतं वय. आत्यानं मोठ्यानं वाचलं म्हणून मला कळलं. ज्या बाईनं आजार वयामागे लपतो म्हणून सांगितलं, तिनंच त्याला लपायला जागा करून दिली.

त्या दिवसापासून चावीवाल्यानं मला "कानस आण" म्हणणं सोडलं. स्वतः वाकून उचलायचा. "तिला आता कुठलं आठवायला," म्हणायचा. दाढेपेक्षा हे जास्त दुखलं, खरं सांगते. अकराच्या अकरा वस्तू मला पाठ होत्या आणि त्यानंतर बघून ठेवलेल्या आणखी कितीतरी. कुणी विचारलं तर ना!

मग चावण्याचं झालं. सकाळी तो दुकान उघडताना माझ्याजवळ बसला आणि लाडानं गाल थोपटला. उजवा. मी त्याचा हात पकडला. रक्त आलं. त्याला मी चौदा वर्षांत कधी दात लावला नव्हता. तो हाताकडे बघतच राहिला.

"मला ओळखत नाही ती," तो म्हणाला. आणि रडला.

गल्लीच्या टोकाच्या जनावरांच्या डॉक्टरला त्यानंच फोन केला. गुरुवार ठरला. इंजेक्शन द्यायचं, झोपेतच जाईल, त्रास होणार नाही, असं सगळं बोलणं माझ्यासमोर झालं. मालकीण पदराचं टोक पिळत होती. मला फक्त एवढंच वाटत होतं : मी मेले तर कागदावर वय लिहिणार. चोर सुटणार.

बुधवारी मोजणीबाई शेवटचं रक्त घ्यायला आली. सगळे स्वयंपाकघरात जमले. मी पाणी प्यायला गेले. डावीकडे मान कलती करून, जिभेच्या कडेनं, थेंब थेंब. वर्षभर मी अशीच पीत होते.

आत्या स्टुलावर बसली होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"अगं थांब जरा. ही अशी का पिते?"

"वन्सं, वय झालंय आता तिचं," मालकीण म्हणाली.

"वयाला काय एकच बाजू असते? कवळी बसवायच्या आधी सहा महिने मी अशीच पीत होते. तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस आठवतंय? आत्या चिडखोर झाल्यात, वय झालं!" आत्या उठली. "तोंड बघितलंय का कुणी हिचं?"

"बघितलंय ना," मोजणीबाई म्हणाली आणि वही उलगडली. "हे काय, दर वेळी लिहिलंय. दात : ठीक. रोज घासले जातात."

"वहीत नको दाखवू. कुत्रीत दाखव."

तीस वर्षं आयाचं काम केलेले हात. एक माझ्या हनुवटीखाली, एकानं ओठ वर. मी गुरगुरले. आत्या म्हणाली, "गप. मीपण गुरगुरते." मी गप्प झाले. ओठ वर गेला आणि वास खोलीभर पसरला. मोजणीबाई पुढे वाकली, आणि तिचा चेहरा पडला. दाढ मुळापर्यंत कुजलेली, हिरडीतून पू.

"आईगं," ती म्हणाली. "एवढं दुखत असताना ही बिस्किटाचा ग्लास कशाला पाडेल?"

गुरुवारी आम्ही त्याच डॉक्टरकडे गेलो, पण इंजेक्शन वेगळं होतं. डॉक्टरही कुरकुरलाच, "चौदा वर्षांची आहे, गुंगी झेपेल का?" तेव्हा मोजणीबाईनं माझ्या रक्ताचे कागद त्याच्या टेबलावर ठेवले. "मूत्रपिंड बघा, यकृत बघा, आता छातीला नळी लावून हृदय ऐका. वजन बघा. आकडे वाचा, जन्मतारीख झाकून ठेवा." त्यानं सगळं वाचलं, माझं हृदय ऐकलं आणि बाही वर केली. दोन दाढा निघाल्या. तिसऱ्या दिवशी मी ताटली चाटून चकचकीत केली. पाचव्या दिवशी शेपटीमागे फिरले. एकच चक्कर, पण फिरले.

तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर मी हात जोडत नाही, मला जोडता येत नाहीत, आणि आले असते तरी जोडले नसते. दरडावून सांगते. ते चिडलं, कोपऱ्यात उभं राहिलं, जेवेनासं झालं, तर 'वय' हा शब्द तोंडातून काढायच्या आधी त्याचा ओठ वर करून बघा. पाय दाबून बघा, कान बघा, डोळे बघा. सगळं बघून झालं आणि काहीच सापडलं नाही, तर मग बोला वयाबद्दल.

आता हिशेब राहिलेल्या गोष्टीचा. दहा दिवसांनी मोजणीबाई आली. आधी ग्लास मांडले. ह्या वेळी खाली उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पाचपैकी पाच. चावीवाला टाळ्या वाजवायला लागला. मोजणीबाई हसली, पण तिच्या मांडीवर भिंतीवरचे सगळे कागद होते. चार वर्षांचे. रोज एक खूण, एकही चौकोन रिकामा नाही.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "रोज घासूनही दात असे कुजले, तर मला लिहावं लागेल की घासून उपयोग होत नाही. अभ्यासात ते तसंच जाईल. मग उद्या लोक म्हणतील, कशाला घासायचे कुत्र्यांचे दात? म्हणून खरं सांगा. घासत होतं कोण?"

आत्या मालकिणीकडे वळली. "काय गं? कुत्रीचं सगळं तूच करतेस ना?"

मालकिणीनं एकदाच नवऱ्याकडे बघितलं. तो हातातलं कुलूप उघडत होता, बंद करत होता. मग ती खाली बघून म्हणाली, "माझीच हयगय झाली असेल, वन्सं."

"असेल म्हणजे? जनावर मरत होतं! काय डोळे फुटले होते का तुझे?"

मला हे सहन झालं नाही. वर्षभर माझ्या वयानं दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेतलं. आता ही बाई घेणार?

मी उठले. तीन पायऱ्या उतरून दुकानात गेले. मशीनखाली कानशींचा डबा, त्यामागे तेलाची डबी, तिच्यामागे चिंध्यांत खुपसलेला. मला कुणी "आण" म्हटलं नव्हतं. तोंडात धरला, डावीकडून, पायऱ्या चढले आणि मोजणीबाईच्या उघड्या वहीवर ठेवला.

निळा ब्रश. केस तेलानं काळेकुट्ट, त्यांत पितळेचा कीस चमकत होता. दांड्यावर दोनशे सतरा.

आत्यानं ब्रश उचलला, वास घेतला आणि हळूहळू भावाकडे वळली. पण तिनं हाक मारायच्या आधीच तो बोलला.

"कुलपाच्या भोकात अगदी बेताचा जायचा," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकाचं कुलूप अडलं होतं, एकदाच वापरला. मग तेलकट ब्रश हिच्या तोंडात कसा घालायचा? दुसरा मागायची लाज वाटली. उद्या मागू, उद्या मागू करत राहिलो. खुणा मीच करायचो, महिन्याच्या शेवटी. हिचा काही दोष नाही." हे तो मालकिणीकडे बघून म्हणाला. मग माझ्याकडे. "आणि हिचाही नाही. हिला सगळं आठवतंय. मलाच काही आठवायचं नव्हतं."

मी त्याच्याजवळ गेले नाही. शेपटीही हलवली नाही. जाईन उद्या. प्रेम आहेच, ते कुठे पळत नाही. पण आज नाही.

मोजणीबाईनं चार वर्षांच्या खुणांवर एक लांब रेघ मारली. मग पान उलटलं. 'कारण' ह्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, वाढतं वय. तेही तिनं खोडलं, दोनदा, कागद फाटेल इतकं दाबून.

"इथे काय लिहू?" तिनं विचारलं. "हयगय लिहू?"

"हयगय कुणाचीही असते," तो म्हणाला. "माणसाचं नाव लिहा."

"चावीवाले?"

"ते नको. ते चांगलं नाव आहे." त्यानं आत्याकडे बघितलं आणि पोरासारखी मान खाली घातली. "लिहा... गुंड्या."